बाबांची गोळी तू घेऊ नकोस

फोंडा, गोवा

प्रिय सतीश,

रात्री एकाएकी तोंड पाण्याने भरतं आणि पाठोपाठ आंबट घशाशी येतं, असं तू लिहिलंस. आमच्या बाबांची लाळ कमी करायची गोळी तुलाही चालेल का, हेही विचारलंस. सतीश, ती घेऊ नकोस.

बाबांचं दुखणं निराळं आहे. पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, लाळ फार तयार होते असं नाही. गिळणं मंदावतं, म्हणून ती साचते आणि ओघळते. डॉक्टरांनी त्यांना ग्लायकोपायरोलेट दिलं. उशी कोरडी राहू लागली खरी, पण जीभ टाळूला चिकटायची, पेजेचा घोटसुद्धा नकोसा व्हायचा. बद्धकोष्ठाने तर ते रडकुंडीला आले. मग डॉक्टरांनीच मात्रा उतरवली. आता थोडी लाळ गळते, खांद्यावर पंचा असतो, पण बाबा पुन्हा म्हार्दोळच्या देवळात चार माणसांत बसतात. त्यांना तेवढं पुरे आहे.

तुझं बहुधा पित्ताचं आहे. पोटातलं आम्ल अन्ननलिकेत चढलं की ते धुऊन काढायला तोंडाला पाणी सुटतं. ती लाळ तुझी राखण करते रे! शिवाय बाबांसारख्या गोळीने अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडू शकते, म्हणजे जळजळ वाढायचीच भीती.

मला पित्तावर आम्ल कमी करायची गोळी, पँटोप्रॅझोल ४० मिलिग्रॅम, दिली होती, सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी. खाणं सुरू झालं की पोटातले आम्लाचे पंप जागे होतात; गोळी त्याआधी रक्तात पोचलेली हवी. शेजारच्या काकी ती जेवणानंतर घ्यायच्या आणि गुण नाही म्हणायच्या. वेळ बदलली, तशी आठवड्याभरात त्यांची जळजळ उतरली. बरं वाटलं म्हणून मात्र एकदम सोडायची नाही, आम्ल उलटून जास्त येतं. वर्षानुवर्षं घ्यायची झाली तर बी-१२ तपासून घ्यावं.

पित्तावर सोलकढी, असं आपल्याकडे सगळेच सांगतात. मला ती रात्री सोसत नाही. रात्री उशिराचं हुमण-भात, म्हणजे माशाची आमटी आणि भात, मी बंद केलं, खाटेच्या उशाकडच्या पायांखाली ठोकळे लावले आणि डाव्या कुशीवर झोपतो. गोळीइतकाच गुण मला त्याने आला.

डॉक्टरांना दाखव. घास अडकत असेल, वजन उतरत असेल किंवा शौचाला काळं होत असेल, तर उद्यावर ढकलू नकोस. आणि चवथीला ये, जेवण आपण दिवेलागणीलाच उरकू.

तुझा,
अनंत