प्रतीक्षा यादीत नाव आहे, पण फोन आला तर रुग्ण तयार आहे का?

महोदय,

३ ऑगस्टच्या अवयवदान दिनाच्या सुमारास ग्रीन कॉरिडॉरच्या (अवयव वेगाने नेण्यासाठी मोकळ्या केलेल्या रस्त्याच्या) बातम्या हमखास येतात, आणि त्या यायलाच हव्यात. मात्र किडनीसाठी यादीत असलेल्या माणसाच्या घरी त्याआधीची दोन-चार वर्षे काय चाललेले असते, ते छापून येत नाही. विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे नाव नोंदवले की आपले काम संपले, आता फक्त फोनची वाट बघायची, असे बहुतेक नवरा-बायको धरून चालतात. प्रत्यक्षात फोन आला त्या दिवशी अंगात ताप असेल, हृदय थकलेले असेल किंवा क्रॉसमॅच (रुग्णाचे रक्त दात्याच्या पेशींवर उलटते का, ही चाचणी) जुळले नाही, तर ती किडनी यादीतल्या पुढच्या माणसाला जाते. यातल्या बऱ्याच गोष्टी घरात, रोजच्या रोज ठरतात.

डायलिसिसवरच्या रुग्णाला सगळ्यात कठीण जाते ते पाणी मोजून पिणे. आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली, त्यात अर्धा लिटर मिळवायचा. दिवसभराचे एकूण पातळ पदार्थ साधारण तेवढेच. सकाळी तेवढे पाणी मोजून एका बाटलीत भरावे. चहा, ताक, वरणाचे पाणी, गोळीबरोबरचा घोट, जे काही पोटात जाईल तेवढे त्या बाटलीतून कमी करावे. संध्याकाळी बाटलीत किती उरले ते दोघांनाही दिसते आणि वाद टळतो. खरी तहान लागते ती मिठाने. म्हणून भाजी शिजली की रुग्णाची वाटी आधी काढावी आणि मग बाकीच्या भाजीत मीठ घालावे. भाकरीत मीठ नसतेच, ते सोयीचे. सैंधव चालते हा गैरसमज आहे, तेही मीठच. बाजारातले ‘कमी सोडियमचे’ मीठ तर घरात आणूच नये; त्यात पोटॅशियम असते आणि ते वाढले तर हृदय बंद पडू शकते.

दोन डायलिसिसच्या मध्ये वजन दोन किलोंच्या आसपास वाढले तर चार तासांत ते पाणी सुखाने निघते. चार किलो चढले की मशीनवर रक्तदाब कोसळतो, पोटऱ्यांत गोळे येतात, रुग्ण ‘बंद करा’ म्हणतो आणि पाणी अंगातच राहते. हे महिनोन्‌महिने चालले की हृदय मोठे होते. पुढे इको (हृदयाची सोनोग्राफी) बिघडला की यादीतले नाव तात्पुरते बाजूला ठेवावे लागते.

श्रावणात उपवास येतात. उपवासाच्या ताटात साबुदाणा हाच त्यातल्या त्यात निरुपद्रवी. त्यातले शेंगदाणे आणि बटाटा, सोबतची केळी, रताळे आणि शहाळे ही पोटॅशियमची भर. खिचडी करायचीच तर बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळावा, ते पाणी फेकावे, आणि कूट चमचाभरच घालावे. शहाळे मात्र कुणी कितीही प्रेमाने आणले तरी नाही. बायकोने नवऱ्यासाठी उपवास धरला असेल तर तिची श्रद्धा तिच्याजवळ, पण तिचा फराळ त्याच्या ताटात वाढू नये.

रक्ताविषयी थोडे सविस्तर लिहितो. हिमोग्लोबिन सातवर आले की नातेवाईक म्हणतात, एक बाटली चढवा. जिवावर बेतले असेल तर चढवावीच लागते. एरवी एरिथ्रोपोएटिनची (रक्त वाढवणारी) इंजेक्शने आणि शिरेतून लोह नियमित घेतले तर ती वेळ बहुधा येत नाही. दुसऱ्याच्या रक्तामुळे शरीरात प्रतिपिंडे तयार होतात आणि पुढे चांगला दाता मिळूनही क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येते, म्हणजे जुळत नाही. गरोदरपणातही हेच घडते. म्हणूनच मुले झालेल्या बाईला तिच्या नवऱ्याचीच किडनी कधी कधी चालत नाही. अशा वेळी ‘यांनी द्यायची टाळली’ अशी कुजबुज होते, ती फार अन्यायाची आहे. रक्तगट किंवा क्रॉसमॅच जुळत नसेल तर दुसऱ्या जोडप्याबरोबर अदलाबदल करता येते. २०११ च्या दुरुस्तीने कायद्यात त्याला जागा दिली आहे. याची चौकशी पहिल्याच महिन्यात करावी. रक्त चढवले असेल तर समन्वयकाला कळवावे आणि सिरमचा (रक्तातल्या पातळ भागाचा, त्यावरच क्रॉसमॅच होते) नवा नमुना द्यावा.

फिश्चुलाच्या (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेल्या) हातावर रोज सकाळी बोटे ठेवून थरथर लागते का ते पाहावे. हे काम जोडीदाराने अंगावर घ्यावे. थरथर थांबली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, उद्यावर टाकू नये. त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा, सुई, घट्ट बांगडी किंवा घड्याळ नको. दातही तपासून घ्यावेत. किडलेली दाढ हे जंतूंचे घर असते.

फोन बऱ्याचदा रात्री येतो. अनोळखी नंबर म्हणून उचलला जात नाही किंवा शेतात रेंज नसते. नोंदणीत जोडीदाराचा आणि शेजाऱ्याचा नंबर असलाच पाहिजे. पलीकडून चार प्रश्न येतात: शेवटचे डायलिसिस कधी झाले, ताप-खोकला आहे का, इतक्यात रक्त चढवले का, शेवटचे जेवण कधी झाले. ही उत्तरे दोघांनाही पाठ हवीत. फोन ठेवल्यावर काही खायचे नाही, फाईल घेऊन निघायचे. एका किडनीसाठी एकाहून जास्त रुग्णांना बोलावतात आणि क्रॉसमॅचला काही तास लागतात. परत पाठवले म्हणजे नंबर गेला असे नाही, यादीतली जागा तशीच राहते.

एक मागणी आहे. गडचिरोली किंवा चंद्रपूरच्या रुग्णाला निव्वळ सिरमचा नमुना देण्यासाठी नागपूरला यावे लागू नये. तालुक्याच्या डायलिसिस केंद्रावर सुई टोचलेलीच असते. तिथेच नमुना घेऊन थंड पेटीतून प्रयोगशाळेत पाठवण्याची सोय आरोग्य विभागाने करावी. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात त्या एका खेपेने दोघांचीही मजुरी बुडते.

— एक प्रत्यारोपण समन्वयक व एक डायलिसिस तंत्रज्ञ, नागपूर