जुनं अक्षर लावायला शिकवणाऱ्या आजींना

आदरणीय आजी,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण सॉल्ट लेक सिटीतल्या चर्च हिस्टरी लायब्ररीत तीन आठवडे माझ्या शेजारी बसून जुनं अक्षर लावायला ज्यांनी शिकवलं, त्या तुम्हीच. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते माझ्या माणसांना कळायला हवं. तुम्हाला फोनवर एकेका ओळीचा अर्थ सांगेन.

मी आले होते एलिझाबेथ झेवियर टेट हिच्या शोधात. जन्म मुंबईचा, नवरा ब्रिटिश फौजेत. मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाचा प्रचारक ह्यू फिंडले १८५२ मध्ये मुंबईत उतरला, पुढे पुण्यालाही गेला. त्या काळात हे घर त्या पंथात आलं. आणि १८५६ मध्ये हीच मुंबईची बाई युटाकडे सामानाच्या हातगाड्या ओढत निघालेल्या मॉर्मन लोकांत, विली यांच्या तांड्यात, अमेरिकेतल्या वायोमिंगच्या बर्फात चालत होती. तिची तान्ही लेक त्याआधीच प्रवासात गेली होती. हे वाचल्यापासून मला चैन नव्हतं. कधी एकदा तिची गोष्ट लिहून काढते असं झालं होतं.

तुम्ही मात्र पहिल्या दिवशी तिचं नावही काढू दिलं नाहीत. पॅटी सेशन्सची डायरी समोर ठेवलीत. पॅटी सुईण होती. १८४६ च्या फेब्रुवारीत मॉर्मन लोकांनी इलिनॉयमधलं आपलं नॉव्हू शहर सोडलं तेव्हा तिनं डायरी लिहायला घेतली. पुढच्या वर्षी, बावन्नाव्या वर्षी, चार बैलांची गाडी स्वतः हाकत ती सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली. आयुष्यात तिनं ३,९७७ बाळंतपणं केली असं सांगतात. पण डायरीत? अमकीला मुलगा झाला, तमकीला मुलगी, की पुढची ओळ. मला ते कोरडं वाटलं. तुम्ही म्हणालात, "दिवसभर गाडी हाकून रात्री बाळंतपण करून आलेली बाई आहे ही. ओळ लिहिली हेच पाहा." त्यानंतर त्या एकेका ओळीवर मी थांबायला लागले.

त्याच वाटेवरच्या विल्यम क्लेटनच्या डायरीचं पानही तुम्हीच दाखवलंत. दिवसाला किती मैल झाले यावर ताफ्यात अंदाजांचा गोंधळ, म्हणून १८४७ च्या मे महिन्यात त्यानं गाडीच्या चाकाला चिंधी बांधली आणि दिवसभर शेजारून चालत फेरे मोजले. ४,०७० फेरे. ३६० फेऱ्यांचा एक मैल, म्हणजे सव्वाअकरा मैल आणि वर वीस फेरे. ते वरचे वीस फेरेसुद्धा त्यानं टिपून ठेवले! मोजणीचं यंत्र नंतर झालं, पण मला त्या वीस फेऱ्यांचंच अप्रूप आहे.

मग पेशन्स लोडर. ती १८५६ च्याच दुसऱ्या हातगाडी तांड्यातली, मार्टिन यांच्या, आणि तिचं लिखाण डायरी नव्हे, पुष्कळ वर्षांनी आठवून लिहिलेलं. वडील वाटेतच गेले होते. एका गोठलेल्या सकाळी मुली उठेनात, तेव्हा आई त्यांच्यापुढे नाचायला लागली. नाचता नाचता घसरून पडली, आणि तिला उचलायला सगळ्या पोरी धावल्या. आईला तेच हवं होतं. वाचताना मी रडले. तुम्ही पाणी दिलंत आणि हळूच विचारलंत, "हे लिहिलं कधी?" त्या रात्री लिहिलेलं वेगळं आणि नातवंडांसाठी लिहिलेलं वेगळं, दोन्ही खरं, पण एकाच काट्यानं तोलायचं नाही. पॉनी, शोशोनी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भूमीतून या गाड्या गेल्या, त्यांची बाजू या वह्यांत शोधून मिळणार नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. तुमचे स्वतःचे पूर्वज त्या वाटेनं आलेले, तरी आडपडदा न ठेवता सांगितलंत.

एलिझाबेथ चौथ्या दिवशी आली. विली आणि मार्टिन यांचे तांडे निघायलाच उशीर झालेले, ऑक्टोबरात बर्फानं गाठलं, दोघांत मिळून दोनशेहून जास्त माणसं गेली. ते आकडे मला पाठ होते. तुम्ही तांड्याची यादी काढलीत, माझ्यापुढे सरकवलीत आणि तिच्या नावाखाली फक्त बोट धरलंत. मीही काही बोलले नाही.

ती वाचली, पुढे युटातल्या सीडर सिटीत राहिली. तिची गोष्ट मी आता लिहिली आहे. तुमच्यामुळे ती आधी ठरवली होती त्याच्या निम्मीच झाली. जे कागदावर सापडलं नाही ते तिच्या तोंडी घातलं नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. पुण्याला आल्यावर माळ्यावरून माझ्या आजीची जुनी कालनिर्णयं काढली. तारखांच्या चौकोनांत तिच्या पेन्सिलीच्या नोंदी: गॅस लावला, दूध दोन लिटर जास्त, धाकटी माहेरी आली. आई ती रद्दीत देणार होती. एका चौकोनात नुसतं "पाऊस. झोप नाही." असं आहे. शेजारचे दोन शब्द मला लागत नाहीत. फोटो पाठवते आहे. भिंग घेऊन एकदा पाहाल का? मराठी येत नसलं तरी वेलांटी कुठे संपते आणि काना कुठे सुरू होतो, ते तुमच्या नजरेला दिसेल.

तुमची,
पुण्याची नात