अ‍ॅडव्हान्स्ड डेटाबेस पाठ करून येत नाही, करून बघावा लागतो

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिक्षणाच्या पानांवर हल्ली एआयचे कोर्सेस, डेटा सायन्स आणि त्यातल्या नोकऱ्या यावर बरंच वाचायला मिळतं, पण हे सगळं ज्याच्या जिवावर चालतं त्या डेटाबेसबद्दल कुणी दोन ओळी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी एमएस्सीला अ‍ॅडव्हान्स्ड डेटाबेस सिस्टिम्स हा विषय घेतला होता, पुढे बरीच वर्षं त्याच कामात गेली आणि आता शिकणाऱ्या मुलांना प्रोजेक्टसाठी अधूनमधून मदत करतो. इतक्या दिवसांत एक गोष्ट पक्की लक्षात आली, की आपल्याकडे हा विषय वहीत शिकवला जातो आणि वहीतच राहतो, मशीनपर्यंत तो पोचतच नाही.

एक उदाहरण देतो. ट्रान्झॅक्शन म्हणजे सगळे मिळून एकत्र होणाऱ्या किंवा एकत्र रद्द होणाऱ्या बदलांचा गट. एकाच वेळी चालणारी ट्रान्झॅक्शनं एकमेकांपासून किती सुटी ठेवायची याच्या चार आयसोलेशन लेव्हल असतात, १९९२ च्या एसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची भाषा) स्टँडर्डमध्ये त्यांचा एक तक्ता आहे, कुठल्या लेव्हलला डर्टी रीड (दुसऱ्याचा अजून पक्का न झालेला बदल वाचणं) होऊ शकतो, कुठल्या लेव्हलला नॉन-रिपीटेबल रीड (तीच ओळ परत वाचली तर वेगळी दिसणं), कुठे फँटम (तीच अट परत टाकली तर नव्या ओळी दिसणं). हा तक्ता प्रत्येक मुलाला तोंडपाठ असतो कारण तो परीक्षेला हमखास येतो. मध्यंतरी दोन मुली माझ्याकडे आल्या, दोघींना तक्ता धडाधड येत होता. मी म्हटलं, आता लॅपटॉप उघडा, पोस्टग्रेस या डेटाबेसच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी लावा. टेबलात दोन डॉक्टर, दोघंही ड्युटीवर, आणि नियम असा की ड्युटीवर कायम निदान एक डॉक्टर हवाच. दोन्ही खिडक्यांत रिपीटेबल रीड या तक्त्यातल्या एका लेव्हलला ट्रान्झॅक्शन चालू केलं, पहिलीत मोजलं तर दोन डॉक्टर, दुसरीत मोजलं तर दोनच. मग पहिलीने एका डॉक्टरला सुट्टी दिली, दुसरीने दुसऱ्याला, आणि दोन्हीकडे कमिट मारलं, म्हणजे बदल पक्के केले. दोन्ही कमिट झाले! एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. टेबल बघितलं तर ड्युटीवर शून्य डॉक्टर. त्यातली एक मुलगी म्हणाली, "पण दादा, यात डर्टी रीड पण नाही, फँटम पण नाही, मग हे झालं कसं?"

हा प्रश्न तिला पडला तिथे तिचं शिक्षण सुरू झालं असं मी मानतो. कारण तो तक्ता अपुरा आहे, आणि हे काही मी शोधलेलं नाही, १९९५ मध्ये डेटाबेसचे संशोधक जिम ग्रे आणि इतर काही जणांनी पेपर लिहून हे दाखवून दिलंय, दोघं जण जुनंच चित्र बघून वेगवेगळ्या ओळी बदलतात आणि मिळून नियम मोडतो, या चुकीला राइट स्क्यू म्हणतात आणि ती त्या तक्त्यात कुठेच बसत नाही. मग आम्ही तेच सगळं सीरियलायझेबल या सगळ्यात कडक लेव्हलला (ट्रान्झॅक्शनं एकामागून एक चालवल्यासारखाच निकाल) परत केलं, तेव्हा दुसऱ्या खिडकीला पोस्टग्रेसने सरळ एरर दिला आणि ट्रान्झॅक्शन मागे फिरवलं. पोस्टग्रेसमध्ये हे खरं सीरियलायझेबल आलं ९.१ व्हर्जनपासून, म्हणजे २०११ पासून, त्याआधी तुम्ही सीरियलायझेबल मागितलं तरी मिळायचं ते स्नॅपशॉटच, म्हणजे सुरुवातीच्या क्षणाच्या चित्रावर चालणारं. या सगळ्याला अर्धा तास लागला असेल, आणि त्या दोघी आता हे जन्मात विसरणार नाहीत.

माझ्या स्वतःच्या शिक्षणातला असाच एक दिवस आहे. आम्हाला एका सरांनी छोटं स्टोरेज इंजिन, म्हणजे डेटा डिस्कवर ठेवणारा डेटाबेसचा भाग, लिहायला लावलं होतं, बदल आधी लॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) लिहायचा आणि मग डेटाच्या पानात, क्रॅश झाला तर लॉग वाचून सगळं परत उभं करायचं. आम्ही ते लिहिलं, प्रोसेस मध्येच किल करून बघितली, परत चालू केली, सगळ्या नोंदी शाबूत. पाच-सहा वेळा केलं, दर वेळी शाबूत. आम्ही खूश. मग सर आले आणि त्यांनी प्रोसेस किल न करता अख्खं व्हर्च्युअल मशीनच एकदम पॉवर ऑफ केलं. परत चालू केल्यावर शेवटच्या कितीतरी नोंदी गायब, आणि एक नोंद तर अर्धीच लिहिलेली, तिच्यावर आमचा रिकव्हरीचा कोड अडकून पडला. कारण साधं होतं, आम्ही फाइलमध्ये लिहीत होतो पण एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर उतरवायची आज्ञा) करत नव्हतो, त्यामुळे डेटा ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीतच पडून होता, प्रोसेस मेली तरी ती मेमरी जिवंत राहते पण मशीन गेलं की ती पण जाते. आणि आम्ही मात्र त्या नोंदींना आधीच "कमिट झालं" असं सांगून मोकळे झालो होतो. ड्युरेबिलिटीची (एकदा कमिट झालेलं हरवत नाही याची) व्याख्या मी त्याच्या आधी दोन परीक्षांत लिहून पूर्ण मार्क घेतले होते, अर्थ कळला तो त्या संध्याकाळी. मग एफसिंक घातलं, प्रत्येक नोंदीला चेकसम (नोंद पूर्ण आहे का ते ताडायचा आकडा) लावला, आणि प्रत्येक कमिटला डिस्कची वाट बघायला लागल्यावर वेग केवढा पडला तेही बघितलं, तेव्हा ग्रुप कमिट (बरेच कमिट एकदमच डिस्कवर उतरवणं) कशाला लागतं ते कुणी न सांगता समजलं.

क्रॅशनंतर डेटा परत उभा करायच्या एरीज या पद्धतीचं पण तेच. १९९२ चा पेपर, सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, आणि आपल्याकडे परीक्षेत "एरीजचे तीन टप्पे लिहा", की मुलं लिहितात अ‍ॅनालिसिस, रीडू (लॉगमधले बदल परत करणं), अनडू (अर्धवट राहिलेले बदल मागे घेणं), दहापैकी आठ मार्क. पण त्याच मुलाला विचारा की बाबा जे ट्रान्झॅक्शन कमिट झालंच नाही, ज्याचे बदल पुढच्या टप्प्यात पुसायचेच आहेत, त्याचे बदल आधी रीडूमध्ये परत कशाला करायचे? तिथे गप्प बसतात. अहो तीच तर त्या पेपरची खरी कल्पना आहे, की आधी क्रॅशच्या क्षणाला पानं जशी होती तशीच्या तशी उभी करायची आणि मगच मागे यायचं, नाहीतर अनडू कुठल्या अवस्थेवर करणार! हे नेमकं कुणी विचारत नाही.

क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, कुठल्या मार्गाने (प्लॅनने) चालवायची ते ठरवणाऱ्या क्वेरी ऑप्टिमायझरचं शिकवणं तर दोन लेक्चरांत उरकतात. १९७९ मध्ये पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी आयबीएमच्या सिस्टिम आर या प्रायोगिक डेटाबेसमध्ये खर्चाचा अंदाज बांधून प्लॅन निवडायची जी पद्धत आणली तीच आजही मूळ धरून आहे, आणि तिच्यातली दुखरी जागा पण अजून तीच, आत किती ओळी निघतील हा अंदाज. गाडीची कंपनी आणि गाडीचं मॉडेल अशा दोन कॉलमवर अट टाका, ऑप्टिमायझर दोन्ही अटी एकमेकांपासून सुट्या धरून गुणाकार करतो, खरं तर मॉडेल ठरलं की कंपनी ठरलीच, त्यामुळे अंदाज खऱ्यापेक्षा खूप कमी येतो आणि तो टेबलं जोडायची भलतीच पद्धत (जॉइन) निवडून बसतो. एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ ही प्लॅन दाखवणारी कमांड चालवून अंदाजाच्या आणि खऱ्या ओळींचे आकडे शेजारी शेजारी दाखवले तर पाच मिनिटांत डोक्यात बसतं. बी-ट्री, म्हणजे नोंद पटकन शोधायची झाडासारखी रचना, तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही, एवढंच की एका पानात ३०० 'की' (नोंद शोधायच्या किल्ल्या) मावत असतील तर तीन पायऱ्यांत २ कोटी ७० लाख नोंदींपर्यंत पोचता येतं, हा गुणाकार मुलांनी स्वतः करून बघायला हवा, आकृती काढून भागत नाही.

मला जास्त वाईट याचं वाटतं की हा विषय मुळात करून बघणाऱ्यांनीच उभा केलाय. एडगर कॉड यांचा रिलेशनल मॉडेलचा (डेटा टेबलांत मांडायच्या कल्पनेचा) पेपर १९७० चा, त्या वेळी बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की कल्पना छान आहे पण प्रत्यक्षात हे फार स्लो चालेल. तो वाद मिटला तो सिस्टिम आर आणि इंग्रेस हे डेटाबेस बांधून झाल्यावर, आणि त्यातलं इंग्रेस तर अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात प्राध्यापकांबरोबर विद्यार्थ्यांनी लिहिलेलं होतं. त्याच विद्यापीठात १९८६ मध्ये पोस्टग्रेसचं काम सुरू झालं, म्हणजे ज्या पोस्टग्रेसवर आज जगभरातल्या कंपन्या चालतात त्याचं मूळ विद्यापीठातच आहे. आणि आपण त्याच विषयाचे शॉर्ट नोट्स लिहून घेतोय!

मला शिक्षकांच्या अडचणी माहीत नाहीत असं नाही. एकेकाकडे तीन-तीन विषय, मोठे वर्ग, लॅबला वेळ कमी, सिलॅबस वरून ठरून येतो आणि पेपर भलताच कुणीतरी काढतो, अशात कुणी मनापासून वेगळं करायला गेलं तर पोर्शन राहतो आणि बोलणी त्यालाच बसतात. म्हणून माझी विनंती अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना आहे. युनिट कमी करा. नोएसक्यूएल, क्लाउड, ब्लॉकचेन सगळं एका सेमिस्टरमध्ये कोंबून प्रत्येकाचं एकेक पान शिकवण्यापेक्षा स्टोरेज, ट्रान्झॅक्शन, रिकव्हरी आणि ऑप्टिमायझर एवढंच नीट शिकवा, निम्मे मार्क प्रत्यक्ष लिहिलेल्या कोडला ठेवा, आणि लेखी पेपर पुस्तक उघडं ठेवून घ्या म्हणजे व्याख्या विचारण्यात अर्थच राहणार नाही. याला महागडं काही लागत नाही, पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट दोन्ही फुकट आहेत, त्यांचा सोर्स कोड कुणालाही वाचता येतो, साध्या लॅपटॉपवर चालतात.

काही जण म्हणतात की आता क्वेरी एआयच लिहून देतो मग एवढं खोलात कशाला जायचं. मला वाटतं म्हणूनच जायचं. वरची डॉक्टरांची क्वेरी एआयने लिहिली असती तरी ती बरोबरच दिसली असती, एकट्याने चालवली तर बरोबर चाललीही असती. दोन माणसांनी एकाच वेळी चालवल्यावर काय होतं ते ओळखणारा माणूस समोर बसलेला लागतो.

आणि विद्यार्थ्यांना, सिलॅबस बदलेल तेव्हा बदलेल, त्याची वाट बघू नका. आज रात्री दोन खिडक्या उघडा, दोन डॉक्टरांचं टेबल बनवा आणि कमिट मारून बघा.

आपला,
एक नियमित वाचक