बाबांच्या यंत्राची वीज

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई, तू विचारलंस, "गाडीत यंत्र रात्रभर चालेल ना? मध्येच बंद पडलं तर?" मी घाईघाईत "चालेल गं" म्हणून फोन ठेवला आणि मग दिवसभर चुटपुट लागली. बाबा माझ्याबरोबर फेरीला येणार, केबिनमधल्या बर्थवर सीपॅप, म्हणजे झोपेत हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र, लावून झोपणार, तर त्याची वीज कुठून येते ते तुम्हां दोघांना नीट कळायला हवं.

माझ्या ट्रकमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला पुढे दुसरी अशा जोडलेल्या आहेत, म्हणून 24 व्होल्ट डीसी, एकाच दिशेने वाहणारी वीज. इन्व्हर्टर त्याची घरातल्यासारखी 230 व्होल्ट एसी, दिशा बदलत राहणारी वीज, करून देतो.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती, ती आज सांगते. नवीन असताना मी लायटरच्या सॉकेटला इन्व्हर्टर जोडून त्यावर 1000 वॅटची किटली लावली. फ्यूज लगेच उडाला. तिथेच थांबायला हवं होतं. पण मी हाताशी होती ती बारीक वायर घेऊन चिमट्यांनी थेट बॅटरीला जोडली. पाणी उकळायच्या आत जळका वास सुटला. चिमटा ओढून काढला आणि वायर चाचपली, तर वरचं प्लास्टिक मेणासारखं मऊ झालेलं. माझ्या अंगठ्याचा ठसा त्यावर उमटला. ती वायर अजून टूलबॉक्समध्ये जपून ठेवली आहे. हिशेब साधा होता, वॅट भागिले व्होल्ट. 1000 भागिले 24 म्हणजे 42 अँपिअर, आणि इन्व्हर्टरमध्ये वाया जातं ते धरून 46-47. लायटरच्या लाइनला एवढा करंट झेपत नाही.

आता बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत जाड, आखूड तांब्याची केबल आहे आणि पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरावर फ्यूज. केबल कुठे घासून शॉर्ट झालीच, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते. फ्यूज लांब असेल तर बॅटरी आणि फ्यूजच्या मधल्या केबलला काही संरक्षणच राहत नाही. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा घेतला आहे, कारण स्वस्तातल्या मॉडिफाइड साइनच्या खडबडीत लाटेवर मोटारी गुरगुरतात, तापतात, आणि श्वासाच्या यंत्राच्या बाबतीत मला तो धोका नको. तो सीटमागे मोकळ्यावर बसवला आहे. बाबा, रात्री थंडी वाजली तरी त्याच्यावर पांघरूण टाकू नका, आतल्या पंख्याला हवा लागते.

गेल्या आठवड्यात मी यंत्राच्या जागी 40 वॅटचा बल्ब रात्रभर लावून पाहिला. इंजिन बंद, आठ तास. झोपताना मीटरवर 25.2 व्होल्ट, सकाळी 24.8. सेल्फ मारला, पहिल्या झटक्यात गाडी सुरू. आठ तासांत साधारण 15 अँपिअर-तास गेले, आणि माझ्या बॅटऱ्या 100 च्या आहेत. किटली दांडगी असली तरी पाच मिनिटांची. यंत्र गरीब, पण रात्रभर चालणारं. म्हणून बाबांचं यंत्र लागेल त्या रात्री छोटा फ्रीज बंद ठेवणार. एकदा तो चालू ठेवून झोपले होते आणि पहाटे सेल्फ नुसता टकटक करत राहिला. इन्व्हर्टर 21 व्होल्टला आपोआप बंद होतो खरा, पण तोवर इंजिन उचलण्याइतका जीव बॅटरीत उरत नाही.

बाबा, तुम्ही म्हणाल, मग इंजिनच चालू ठेवू. नाही. उभ्या गाडीत धूर केबिनमध्ये शिरला, तर कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेत कळतही नाही.

आणि आई, तुझ्या "मध्येच बंद पडलं तर" चं उत्तर: यंत्राला थेट चालणारी वेगळी छोटी बॅटरी मी बरोबर घेतेय, आणि वरच्या बर्थवर मी असेनच.

आता एक काम करा. यंत्राच्या अडॅप्टरवरचं लेबल वाचून व्होल्ट, अँपिअर, वॅट जे लिहिलं असेल ते कळवा. यंत्रातली हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरचा हीटर लावलात तर वॅट बरेच वाढतात, म्हणून दोन-तीन रात्री तो बंद ठेवला तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. "नाही" म्हणाले, तर मी बल्ब बदलून पुन्हा एक रात्र मोजते, मगच तारीख ठरवू.

तुमची लेक