प्रयोगशाळेतल्या मामांना

आदरणीय मामा,
सा. न. वि. वि.

माझ्या एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या, थिसिसमध्ये गाइडचे, विभागप्रमुखांचे, आई-बाबांचे आभार आहेत. तुमच्या वाट्याला आले ‘विभागातील कर्मचारी’ एवढे दोनच शब्द. ते मला इतकी वर्षं सलत आलंय, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

विषय होता, दातात कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंग, कसं भरलं की कडेने कमी गळतं. लाइटखाली कडक होताना कॉम्पोझिट साधारण दोन-तीन टक्के आकसतं आणि दाताच्या भिंतीपासून सुटू बघतं. सुटलं की केसाहून बारीक फट पडते आणि लाळ, जंतू आत उतरतात. इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरावर, पकड चांगली बसते. आम्ल लावून तिथे प्लॅस्टिकसारखं रेझिन घट्ट धरतं, हे अमेरिकन दंतवैद्य ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्येच दाखवलं. खरी परीक्षा हिरडीकडच्या कडेला, जिथे इनॅमल संपलेलं असतं. म्हणून निम्म्या उपदाढा मी एकदम भरल्या आणि निम्म्या दोन-दोन मिलिमीटरच्या तिरप्या थरांनी, म्हणजे एक थर समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना एकाच वेळी ओढणार नाही.

मग फिलिंगची कड सोडून बाकी दात नेलपॉलिशने बंद करायचा, निळ्या रंगात बुडवायचा आणि उभा कापून रंग कुठवर शिरला ते बघायचं. पहिल्या खेपेला सगळेच दात आतून निळे निघाले. मी रडकुंडीला आले होते. तुम्ही एक अर्धा दात खिडकीपाशी नेलात, मुळाच्या टोकाशी नखाने खरवडलंत आणि म्हणालात, “मॅडम, रंग फिलिंगकडून नाही, मुळाकडून चढलाय. नेलपॉलिशचा पहिला हात वाळायच्या आत दुसरा मारलात.”

अगदी तसंच झालं होतं. मग नवे दात, टोकांना स्टिकी वॅक्स, नेलपॉलिशचे दोन हात, फिलिंगभोवती एक मिलिमीटर मोकळं. त्यात थर्मोसायकलिंगचं, म्हणजे दात आलटून-पालटून गार-गरम पाण्यात बुडवायचं, यंत्र बंद! ५ अंश आणि ५५ अंश, ५०० फेऱ्या, त्या आपण हाताने केल्या. गॉजच्या पुरचुंडीत दात, तीस सेकंद गार पाण्यात, तीस सेकंद गरम. तुम्ही बर्फ घालायचात, थर्मामीटर बघायचात आणि दर फेरीला फळ्यावर खडूची रेघ ओढायचात. आठ तासांहून जास्त चाललं ते. तुमची ड्यूटी कधीच संपली होती.

चोवीस तास मिथिलीन ब्लू या निळ्या रंगात ठेवून दात कापले. एकदम भरलेल्यांत निळी रेघ हिरडीकडच्या तळावरून आत जाऊन पल्पकडच्या, म्हणजे दाताच्या नसेकडच्या, भिंतीवर चढली होती. थरांनी भरलेल्या बहुतेकांत ती तळावरच अडली होती. अजिबात रंग न शिरलेले मात्र थोडेच. गाइडच्या आधी मी तुम्हाला दाखवलं. मायक्रोस्कोपला डोळा लावून तुम्ही बराच वेळ बसलात आणि एवढंच म्हणालात, “अडली की!”

आता चार मिलिमीटर एकदम भरता येतील अशी बल्क-फिल मटेरियल आली आहेत, मीही वापरते. पण हिरडीकडची कडा खोल गेली असली की पहिला थर पातळच घालते, लाइट पूर्ण वेळ धरते. पेशंट विचारतात, “डॉक्टर, अजून किती वेळ?” तेव्हा मला तुमच्या खडूच्या रेघा दिसतात.

तुमच्या हातचा तो अर्धा दात, तळावर अडलेल्या रेघेचा, माझ्या क्लिनिकच्या टेबलावर छोट्या बाटलीत आहे. थिसिसची एक प्रतही तुमच्यासाठी काढून ठेवली आहे. आभाराच्या पानावर तुमचं नाव मी हाताने लिहिलंय. दिवाळीत घरी येऊन देते.

तुमची,
थर्मोसायकलिंगवाली मॅडम