मूत्रपिंडाच्या रुग्णांचे हृदयही तपासा

महोदय,

राज्यात डायलिसिसच्या सोयी वाढत आहेत ही समाधानाची बाब असली, तरी मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार असलेल्या अनेक रुग्णांना डायलिसिसची वेळ येण्यापूर्वीच हृदयविकार गाठतो, याकडे पुरेसे लक्ष जात नाही.

निरोगी हृदयाचे ठोके तंतोतंत समान अंतराने पडत नाहीत. श्वास घेताना ते किंचित जलद होतात, सोडताना संथ. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणारी सिम्पथेटिक चेतासंस्था वरचढ होते, हृदयाचा वेग आवरणाऱ्या व्हेगस चेतातंतूचा लगाम सैल पडतो आणि ठोक्यांमधील ही लवचिकता घटते. सोबत मधुमेह असेल तर अधिकच. ती घटलेल्या रुग्णांत अकाली मृत्यूचा धोका जास्त आढळतो. ही लवचिकता मोजण्याचे निकष युरोप-अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी १९९६ मध्येच ठरवून दिले असून, २४ तासांच्या होल्टर नोंदीवरून (अंगावर लावलेल्या छोट्या यंत्राने घेतलेला सलग ईसीजी) ती मोजता येते. केवळ या आकड्यावरून निदान करू नये आणि हृदयाचे ठोके संथ करणाऱ्या बीटा-ब्लॉकरसारख्या औषधांनी तो बदलतो, हे मान्यच आहे.

डायलिसिसपूर्वी रुग्णाला वजनकाट्यावर उभे करतात, रक्तदाब घेतात. नाडीची नोंद मात्र ‘मिनिटाला ७८’ एवढ्यावरच संपते. दोन डायलिसिसमधील मोठ्या खंडानंतर हृदयावरील धोका वाढतो, हे ठाऊक असताना एवढी त्रोटक नोंद मला अस्वस्थ करते. निदान मधुमेही मूत्रपिंडरुग्णांची तरी होल्टर तपासणी शासकीय रुग्णालयांत वर्षातून एकदा मोफत व्हावी, अशी आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे.

– एका डायलिसिस रुग्णाचा मुलगा, नाशिक