पेशी शरीरात फुटल्या की नळीत?

महोदय,

पावसाळी तापाच्या दिवसांत ठाण्यापासून खारघरपर्यंत सकाळी सकाळी घरी येऊन रक्त नेण्याची पद्धत आता रुळली आहे. सोय चांगलीच आहे, वृद्धांचे आणि लहान मुलांचे हाल वाचतात. पण ‘फीवर प्रोफाइल’मधले (तापासाठी एकत्र केल्या जाणाऱ्या रक्ततपासण्यांतले) काही आकडे रक्त कसे घेतले आणि ते किती वेळ तसेच राहिले यावर फार अवलंबून असतात. ही माहिती अहवालावर छापलीच पाहिजे, अशी आमची मागणी आहे. पेशींना होणारी इजा आणि तिच्यामुळे उठणारा दाह हा आमच्या कामाचाच विषय असल्याने जरा सविस्तर लिहितो.

पेशी ढोबळमानाने दोन तऱ्हांनी मरते. केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये ज्याला ‘अपोप्टोसिस’ नाव दिले, त्या तऱ्हेत पेशी आक्रसते, तिचे आवरणासकट तुकडे होतात आणि ते इतर पेशी गिळून टाकतात. बाहेर फारसे काही सांडत नाही. दुसऱ्या तऱ्हेत आवरणच फाटते आणि आतला ऐवज बाहेर येतो. त्यातले एचएमजीबी-१ हे केंद्रकातले प्रथिन जंतूंचा संसर्ग नसतानाही दाह पेटवू शकते, हे २००२ मध्ये दाखवले गेले. एलडीएच हे एन्झाइमही त्याच वेळी बाहेर पडते, म्हणून किती पेशी फुटल्या हे मोजायला संशोधनात त्याचाच आधार घेतात. मात्र पेशी वाढवण्याच्या द्रावणातल्या सीरममध्येही (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) एलडीएच असतेच. त्यामुळे पेशी नसलेले द्रावण वेगळे मोजून तो आकडा वजा करावा लागतो. शिवाय काही पेशी ट्रायटॉन एक्स-१०० हे साबणासारखे रसायन घालून मुद्दाम पूर्ण फोडतात आणि त्यावरून शंभर टक्क्यांची खूण ठरवतात. या दोन खुणा नसतील तर नुसत्या आकड्याला आम्ही किंमत देत नाही.

रुग्णाच्या एलडीएचला अशी कुठलीच खूण जोडलेली नसते. तांबड्या पेशीत प्लाझ्माच्या, म्हणजे रक्तातल्या द्रवभागाच्या, शंभरपटींहून अधिक एलडीएच आणि वीसपटींहून अधिक पोटॅशियम असते. यकृताच्या तपासणीत मोजले जाणारे एसजीओटी हे एन्झाइमही बरेच असते. नळीत थोड्या पेशी फुटल्या तरी हे तिन्ही आकडे चढतात. पेशी यकृतात फुटली, स्नायूत फुटली की सुईच्या तोंडाशी, हे यंत्राला कळत नाही. तापाच्या रुग्णात एसजीओटी आणि एलडीएच वाढलेले दिसले की डॉक्टरांचे लक्ष डेंग्यू-लेप्टोकडे जाणारच.

पेशी फुटतात त्या बहुतेक वेळा रक्त घेतानाच. बारीक सुई लावून सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढणे, मग तेच रक्त दट्ट्या दाबून नळीत ढकलणे, स्पिरिट वाळायच्या आत टोचणे, नळी हलक्या हाताने उलटीसुलटी करण्याऐवजी खळखळ हलवणे, ही नेहमीची कारणे. मोठ्या माणसाला २१ किंवा २२ गेजची सुई लावावी आणि दंडाचा पट्टा एका मिनिटाच्या आत सोडावा. ‘मूठ उघडा, मिटा’ असे सांगू नये, कारण त्याने त्या हातातल्या रक्तातले पोटॅशियम खरोखरच वाढते. जांभळ्या झाकणाच्या नळीतले रक्त लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या नळीत कधीही ओतू नये. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमचेच ईडीटीए असते, आणि ते कॅल्शियम बांधून ठेवते. पोटॅशियम अफाट जास्त आणि कॅल्शियम अफाट कमी अशी जोडी अहवालात दिसली, तर आधी हाच संशय घ्यावा.

पुढचा प्रश्न वेळेचा. सीरमची नळी सुमारे अर्धा तास उभी ठेवून रक्त गोठू द्यायचे, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम वेगळे करायचे, आणि हे सगळे रक्त घेतल्यापासून दोन तासांच्या आत व्हायला हवे. घोडबंदर रोडवर सात वाजता घेतलेली नळी आणखी आठ-दहा घरे करून, ठाणे-बेलापूर रस्त्याने तुर्भे-महापेला पोचेपर्यंत दोन तास सहज उलटतात. दरम्यान पेशी नळीतली साखर खात असतात. साध्या तापमानाला ती तासाला ५ ते ७ टक्के घटते, तापलेल्या डिकीत आणखी भराभर. म्हणून बर्फाची पिशवी ठेवावी असे कुणालाही वाटेल, पण न फिरवलेल्या रक्ताला थंडी अपायकारक ठरते. थंडीत पेशीच्या आवरणावरचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपत राहते. पेशी फुटलेल्या नसल्याने सीरम स्वच्छ पिवळे दिसते, गुलाबी झाक येत नाही, कुणाला शंकाही येत नाही. जेलची नळी (जिच्यात पेशी आणि सीरम यांच्यामध्ये जेलचा थर बसतो) एकदा फिरवल्यावर पुन्हा फिरवली तरी जेलखालचे पोटॅशियम वर येते. थंड पेटी हवीच, पण सीरम वेगळे केल्यानंतर.

दाह मोजणाऱ्या सीआरपीचे मात्र तसे नाही. १९३० मध्ये रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडलेले हे प्रथिन यकृतात तयार होते. तांबड्या पेशीत त्याचा साठा नसतो, म्हणून त्या फुटल्याने ते वाढत नाही. ईएसआर, म्हणजे उभ्या नळीत तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग, नाजूक आहे. साध्या तापमानाला चार तासांच्या आत लावावा, आणि नळी अगदी ओळंब्यात उभी हवी. तीन अंशांच्या कलानेही आकडा बराच फुगतो.

आमची मागणी खर्चाची नाही. मोठ्या यंत्रांत सीरममधून प्रकाश सोडून फुटलेल्या पेशींचे हिमोग्लोबिन मोजले जातेच. तो हिमोलिसिस इंडेक्स अहवालावर छापावा. झिरपलेले पोटॅशियम त्यात पकडले जात नाही, म्हणून रक्त घेतल्याची आणि सीरम वेगळे केल्याची वेळही छापावी. संकलन केंद्रांनी नवी मुंबईच्या नोड-नोडवर (प्रत्येक उपनगरात) छोटे सेंट्रिफ्यूज ठेवावे. घरी रक्त देणाऱ्यांनी नळीवर नाव आणि वेळ आपल्यासमोर लिहून घ्यावी. पोटॅशियम ६ च्या वर आले तर ‘नळीचा दोष असेल’ म्हणून घरी बसू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन ईसीजी काढावा आणि तिथेच रक्त देऊन तपासणी पुन्हा करावी.

— पेशी-इजा आणि दाह या विषयांवर काम करणारे संशोधक, खारघर, नवी मुंबई